नाजूक त्वचेसाठी पहिलं सुखसाधन निवडताना

माझा पहिला व्हायब्रेटर मी जेमतेम तीन वेळा वापरला. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तेच: खाज, लाली, लघवीला गेलं की चुणचुण. सिलिकॉन आपल्याला मानवत नाही असं ठरवून तो कपाटाच्या तळाशी गेला. वर्षभराने, त्या व्हायब्रेटरबरोबर वापरलेलं तेच ल्युब्रिकंट (घर्षण कमी करणारं बुळबुळीत द्रव्य) जोडीदाराबरोबर वापरलं, तेव्हा कुठलंही साधन मध्ये नव्हतं, आणि तरीही तशीच आग झाली. मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

म्हणूनच या लेखात साधनाची निवड तिसऱ्या पायरीवर येते. त्याआधी दोन कामं उरकायची आहेत. ती टाळून थेट खरेदीला गेलेल्यांचेच पैसे वाया जातात, असं मी पाहत आले आहे.

पायरी १: त्वचेची तक्रार नेमकी काय आहे?

बाहेरच्या भगोष्ठांवरची त्वचा अंगावरच्या इतर त्वचेसारखीच असते. तिच्यावर केस असतात आणि वर मृत पेशींचं एक राठ आवरण असतं. आतल्या बाजूला, योनिमुखापाशी, हे आवरण नसतं. तिथली त्वचा तोंडाच्या आतल्या अस्तरासारखी ओलसर आणि पातळ असते, त्यामुळे तळहातावर काहीच न करणारा पदार्थ तिथे आग करू शकतो. प्रजननक्षम वयात योनीचा सामू (पीएच) साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे आम्लधर्मी. तो बिघडला की जंतुसंसर्गाला वाव मिळतो. पुरुषांनीही हे वाचावं. शिश्नाचं टोक आणि पुढच्या कातडीची आतली बाजूही नाजूक असते.

त्रास तीन प्रकारचा असतो आणि तो केव्हा सुरू होतो यावरून बराच उलगडा होतो. वापरताना किंवा लगेच नंतर खरचटल्यासारखं वाटलं, तर ते घर्षण. त्यामागे बहुधा कोरडेपणा असतो. काही मिनिटांत ते काही तासांत भाजल्यासारखी आग झाली, तर एखाद्या पदार्थाने त्वचा चिडवली आहे. खाज मात्र एक-दोन दिवसांनी सुरू झाली आणि वाढत गेली, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. निकेल, सुगंधी द्रव्यं, प्रिझर्वेटिव्ह आणि रबरातली रसायनं यांची ॲलर्जी बहुधा अशीच उशिरा उठते. लेटेक्समधल्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी: तिच्यात काही मिनिटांत गांधी उठू शकतात, सूज येऊ शकते. फोनमध्ये दोन ओळींची नोंद ठेवा, काय वापरलं आणि किती वेळाने काय झालं. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर या दोन ओळी फार कामाला येतात.

काही वेळा मात्र खरेदी थांबवून आधी डॉक्टरकडेच जायचं. पांढुरके डाग, पुन्हा पुन्हा पडणाऱ्या चिरा, कापसाच्या काडीचा स्पर्शही न सोसणं, काहीही न वापरता महिनोन्महिने राहणारी जळजळ, वेगळ्या वासाचा किंवा रंगाचा स्राव, ही 'नाजूक त्वचा' नव्हे. लायकेन स्क्लेरोसस (पांढुरके डाग पाडणारा त्वचारोग), व्हल्व्होडायनिया (योनिमुखाभोवती महिनोन्महिने राहणारं दुखणं), बुरशीचा संसर्ग अशी त्यांची कारणं असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. रजोनिवृत्तीनंतर आणि अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी झाल्याने तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. तेही डॉक्टरला सांगण्यासारखं आहे. 'वयानुसार होतंच' म्हणून सोसत बसायचं कारण नाही.

पायरी २: साधनाआधी ल्युब्रिकंट ठरवा

याला मराठीत वंगण म्हणतात खरं, पण वंगण म्हटलं की डोळ्यांपुढे सायकलची चेन येते. आपण ल्युब्रिकंटच म्हणू.

नाजूक त्वचेच्या बहुतेक तक्रारी इथे सुरू होतात. बाटलीवर 'नॅचरल', 'जेंटल' असं लिहिलेलं असतं. त्याला काही किंमत नाही. बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सुगंध, चव, मेंथॉल, 'वॉर्मिंग', 'कूलिंग', 'टिंगलिंग' यांपैकी काहीही दिसलं तर बाटली परत ठेवा. ऊब किंवा झिणझिणी देणारे हे पदार्थ मुळात त्वचेला चिडवूनच ती देतात. माझ्या त्या बाटलीवरही 'वॉर्मिंग' लिहिलेलं होतं आणि मला ते गुणाचं वाटलं होतं. जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन आणि शुक्राणुनाशक नॉनॉक्सिनॉल-९ हेही टाळा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव लक्षात ठेवायला अवघड असलं तरी ओळखायला शिका. संपर्कातून होणाऱ्या त्वचारोगांवर काम करणारी अमेरिकी तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एका पदार्थाला 'वर्षाचा ॲलर्जन' जाहीर करते. हा मान २०१३ साली या प्रिझर्वेटिव्हला मिळाला आणि २०१८ साली प्रोपिलीन ग्लायकॉलला. दुसरा पदार्थ पाण्यावर आधारित ल्युब्रिकंटमध्ये सर्रास आढळतो.

आता थोडं विज्ञान, कारण यामागचं कारण कळलं की निवड सोपी होते. ल्युब्रिकंटमध्ये ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल भरपूर असेल तर ते शरीरातल्या द्रवापेक्षा कितीतरी जास्त 'दाट' होतं, आणि अस्तराच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतं. पेशी सुकतात आणि सुटून येतात. लावताना बुळबुळीत वाटणारी गोष्ट तासाभराने अधिक कोरडेपणा देते, याचं हे एक कारण. या दाटपणाचं माप म्हणजे ऑस्मोलॅलिटी. शरीरातल्या द्रवाची ती सुमारे ३०० मिलिऑस्मोल प्रति किलो असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या सल्लापत्रात ल्युब्रिकंटसाठी ३८० पर्यंतचा आकडा योग्य मानला आणि व्यवहारात १२०० ही वरची मर्यादा सांगितली. योनीसाठी सामू ४.५ च्या आसपास असावा असंही त्यात आहे. काही उत्पादक हे दोन्ही आकडे बाटलीवर किंवा संकेतस्थळावर छापतात. जो छापतो त्याने निदान विचार तरी केलेला असतो, म्हणून मी त्याला झुकतं माप देते.

सिलिकॉनवर आधारित ल्युब्रिकंटमध्ये पाणीच नसतं. त्यामुळे प्रिझर्वेटिव्हची गरज पडत नाही, घटक मोजके असतात आणि ते सुकतही नाही. ॲलर्जीच्या त्वचेला हे बरेचदा उत्तम चालतं. अडचण एकच: सिलिकॉनच्या साधनाचा पृष्ठभाग त्याने फुगू किंवा चिकट होऊ शकतो. म्हणून सिलिकॉनच्या साधनाला पाण्यावरचं ल्युब्रिकंट, आणि काच-स्टीलला कुठलंही. तेलाने लेटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो, एवढं लक्षात ठेवा. थुंकी लगेच सुकते. तिच्यावर भिस्त नको.

ठरवलेलं ल्युब्रिकंट थेट तिथे लावू नका. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा लावा, आठवडाभर, त्याच ठिकाणी. ॲलर्जी उशिरा उठते, त्यामुळे एका रात्रीच्या चाचणीवर विसंबता येत नाही.

पायरी ३: साधन कशाचं बनलंय?

काच ही माझी पहिली शिफारस, आणि नवख्या माणसाला तीच सर्वांत भीतिदायक वाटते. बोरोसिलिकेट काच म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांची काच. तिला छिद्रं नसतात, वास नसतो, तिच्यातून काही झिरपत नाही आणि थोड्याशा ल्युब्रिकंटवर ती अलगद सरकते. कशाकशाची ॲलर्जी आहे हेच अजून कळलेलं नसेल तर काच सर्वांत सुरक्षित. ती कठीण असते, त्यामुळे हात सावकाश चालवावा लागतो. प्रत्येक वेळी बोट फिरवून टवका उडालेला नाही ना ते पाहा; उडाला असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सरळ टाकून द्या.

सिलिकॉन सर्वांत लोकप्रिय आहे आणि चांगलंही आहे, फक्त ते खरं असलं पाहिजे. प्लॅटिनमच्या साहाय्याने पक्कं केलेल्या सिलिकॉनला छिद्रं नसतात आणि मऊपणासाठी त्यात वेगळी रसायनं मिसळावी लागत नाहीत. पण 'मेडिकल ग्रेड' हे शब्द खोक्यावर कुणीही छापू शकतं. 'सिलिकॉनसारखं', 'जेली', 'खऱ्या त्वचेसारखा स्पर्श' अशी भाषा दिसली की सावध व्हा. खोकं उघडताच नव्या रबरी चपलेसारखा उग्र वास आला, किंवा बोटाला तेलकट थर लागला, तर ते शुद्ध सिलिकॉन नव्हे. मऊ पीव्हीसीत मऊपणा आणायला फ्थॅलेट नावाची रसायनं घालतात. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २००६ साली अशा साधनांची तपासणी केली, तेव्हा काहींमध्ये ती सापडली होती. युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांत यांतल्या काही फ्थॅलेटवर कडक बंधनं आहेत. मोठ्यांच्या साधनांवर मात्र 'केवळ गमतीसाठी' असं छापून अनेक उत्पादक जबाबदारी झटकत आले आहेत. शरीराच्या सर्वांत नाजूक भागाशी ज्याचा संबंध, ते म्हणे गमतीसाठी! २०२१ साली आयएसओ ३५३३ हे या साधनांच्या रचनेसाठी आणि सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याचा उल्लेख खोक्यावर असेल तर ती जमेची बाजू.

नकली कानातल्यांनी कान चिघळत असतील तर ती बहुधा निकेलची ॲलर्जी; धातू जपून निवडा. ३१६ प्रकारच्या स्टीलमध्ये निकेल साधारण १० ते १४ टक्के असतं. ते मिश्रधातूत घट्ट बांधलेलं असल्याने फारच कमी सुटतं आणि ॲलर्जी असलेल्या अनेकांना चालतं, पण सगळ्यांना नाही. सोनेरी किंवा चकचकीत मुलामा दिलेला धातू नको. मुलामा झिजला की खालचा धातू त्वचेला लागतो. निकेल ओळखण्यासाठी डायमिथाइलग्लायॉक्झिमची चाचणी मिळते. तिच्या द्रवात भिजवलेला कापूस धातूवर घासायचा. तो गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. चाचणीनंतर साधन धुवायला विसरू नका.

एबीएस हे कठीण प्लॅस्टिक लहान व्हायब्रेटरसाठी ठीक आहे. त्यावरचा मखमली रंग मात्र काही काळाने चिकट होऊन सुटतो, तेव्हा बिनरंगाचं घ्या.

टीपीई आणि टीपीआर या रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकांना सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे ती कधीच पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. पुरुषांसाठीच्या स्लीव्ह, म्हणजे शिश्नावर चढवायच्या पोकळ नळ्या, बहुतेक याच्याच असतात. घ्यायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी उघडी असलेली घ्या, म्हणजे आतून वाळते, आणि ती कंडोमसह वापरा. लेटेक्स चालत नसेल तर पॉलियुरेथेनचा कंडोम घ्या. पॉलिआयसोप्रीन या कृत्रिम रबरात लेटेक्सची प्रथिनं नसतात, पण रबर पक्कं करायची रसायनं असू शकतात आणि काहींना त्यांचीच ॲलर्जी असते.

लाकूड आणि दगड नवख्याने घेऊच नये.

पायरी ४: आकार आणि मोटर

पहिलं साधन बाहेरून वापरायचं आणि लहान असावं. आत घालायचं हवंच असेल तर एका बोटाच्या जाडीपासून सुरुवात करा. पृष्ठभाग सपाट हवा. गाठी, कंगोरे, उंचवटे नकोत. साच्याचा सांधा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कापसाचा बोळा साधनावरून हळू ओढा. तंतू जिथे अडकतील तिथेच तुमची त्वचाही अडकणार.

मऊ म्हणजे सौम्य असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मऊ सिलिकॉन दाब कमी देतं, पण त्याचा पृष्ठभाग त्वचेला धरून ओढतो. कठीण काच दाब देते, पण घसरत जाते. तुमची तक्रार दाबाची असेल, आत दुखत असेल, तर मऊ सिलिकॉन घ्या. त्याचा मऊपणा 'शोअर ००' या मापात दिलेला असला तर आकडा जितका लहान तितकं मऊ: ३० बरंच मऊ, ५० मध्यम. तक्रार खरचटण्याची असेल तर गुळगुळीत, कठीण साधनच बरं. पहिल्या पायरीतली नोंद इथे उपयोगी पडते.

मोटरचं म्हणाल तर उथळ पाण्याला खळखळाट फार. बारीक, उंच आवाजात गुणगुणणारं कंपन त्वचेच्या वरच्या थरातच राहतं. आधी खाज आणतं, मग बधिर करतं. खोल, संथ कंपन दूरवर पसरतं, म्हणून थोडंसंही पुरतं. साधन तळहातावर ठेवून सुरू करा. फक्त तळव्याला गुदगुल्या झाल्या तर ते उथळ, मनगटापर्यंत जाणवलं तर खोल. जाहिरातीत सर्वांत वरचा वेग आणि दहा-वीस पॅटर्न मिरवतात. तुम्ही मात्र सर्वांत खालचा वेग किती हळू आहे ते विचारा.

हवेच्या दाबावर चालणारी साधनं क्लिटोरिसला घासत नाहीत, भोवती फक्त टेकतात. घर्षण न सोसणाऱ्यांना ती वरदानासारखी वाटतात. पण सुजलेल्या किंवा चिरा पडलेल्या त्वचेवर ती लावू नयेत.

आणखी काही सटरफटर, पण चुकवू नये असं. गुदद्वारासाठीच्या साधनाचा पायथा रुंद हवाच, नाहीतर ते आत ओढलं जातं आणि काढायला रुग्णालय गाठावं लागतं. धुण्याच्या दृष्टीने आयपीएक्स ७ पाहा. याचा अर्थ एक मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतं. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे चालतील. पेसमेकर असलेल्यांनी चुंबकाने चार्ज होणारं साधन छातीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावं. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर गरम होणारी साधनं नकोत, चटका बसलेला कळणार नाही.

पायरी ५: आणल्यावर, पण वापरण्याआधी

धुवा, वाळवा, बोटाने तपासा. मग हाताच्या आतल्या बाजूला पंधरा-वीस मिनिटं टेकवून ठेवा आणि तीन दिवस वाट पाहा.

एक नियम मात्र अजिबात मोडू नका: नवं साधन आणि नवं ल्युब्रिकंट एकाच दिवशी सुरू करायचं नाही. मी मोडला होता, आणि वर्षभर भलत्यालाच दोष देत राहिले. ल्युब्रिकंट आधी एकटं, बोटाने, वापरून पाहा. ते चाललं की मगच साधन.

पायरी ६: पहिल्यांदा

केस काढल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या. वस्तऱ्याने किंवा वॅक्सने पडलेल्या न दिसणाऱ्या ओरखड्यांत सगळंच झोंबतं. संसर्ग किंवा जखम असेल तर ती पूर्ण बरी होऊ द्या. बाळंतपणानंतर डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत काहीही आत घालू नका.

नखं कापलेली, हात धुतलेले, ल्युब्रिकंट वाटतं त्याच्या दुप्पट. सुरुवात सुती अंतर्वस्त्रावरून करा. एक थर कापड मध्ये असलं की कंपनाची धार बोथट होते. थेट क्लिटोरिसवर टेकवू नका, बाजूने, वरच्या भागावरून जा. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. आग झाली की तिथेच थांबा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करण्याचं हे काम नाही. आणि दुखू नये म्हणून बधिर करणारं क्रीम लावणं तर आगीतून फुफाट्यात: दुखणं लपतं, इजा होत राहते, शिवाय त्यातल्या बेन्झोकेनची ॲलर्जीही अनेकांना असते.

नंतर लघवी करून या, बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा. योनीच्या आत साबण किंवा 'इंटिमेट वॉश' घालू नका, ती स्वतःला स्वच्छ ठेवते. पुढचे दोन-तीन दिवस साधन बाजूला ठेवून त्वचा काय म्हणते ते पाहा.

जोडीदाराबरोबर वापरणार असाल तर वेगाचं बटण नाजूक त्वचेच्या मालकाच्या हातात असावं. गुदद्वारात वापरलेलं साधन न धुता योनीकडे आणायचं नाही.

पायरी ७: धुणं आणि ठेवणं

कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण पुरतो. साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा, कारण वाळलेला साबण पुढच्या वेळी त्वचेवर विरघळतो आणि आपण पुन्हा साधनाला शिव्या देतो. सुगंधी वाइप्स नकोत. मोटर नसलेलं अख्खं सिलिकॉन किंवा स्टील पाच मिनिटं उकळता येतं. काच उकळायची तर थंड पाण्यापासून हळूहळू तापवा आणि तशीच निवू द्या. मोटर असलेलं काहीही उकळायचं नाही.

पूर्ण वाळल्यावर प्रत्येक साधन वेगळ्या सुती पिशवीत ठेवा. वेगवेगळी मऊ साहित्यं एकमेकांना चिकटून विरघळल्यासारखी होतात. पृष्ठभाग चिकट झाला, भेग पडली, वास जाईना, तर निरोप द्या.

तरीही त्रास झालाच तर

सगळं थांबवा. साधं गार पाणी, गार ओल्या कापडाची घडी, बाहेरच्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. घरात पडलेली बुरशीची किंवा स्टेरॉइडची मलमं अंदाजाने लावू नका. अंगावर गांधी, ओठांवर सूज किंवा श्वासाला त्रास असेल तर तातडीने रुग्णालयात जा. नुसती खाज-आग असेल आणि दोन-तीन दिवसांत ओसरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ. तिथे काय बोलायचं या संकोचात अनेकींचे महिने जातात. एक वाक्य पुरतं: "नवीन साधन आणि ल्युब्रिकंट वापरल्यापासून आग होतेय." यापुढचं डॉक्टर विचारतील. गरज वाटली तर पॅच टेस्ट करतील: पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास ठेवून त्यानंतर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. कोणत्या पट्ट्या लावायच्या हे ठरवायला घटकांची यादी लागते, म्हणून साधनाचं खोकं आणि ल्युब्रिकंटची बाटली तोवर टाकू नका.